बाटली नव्हती

शाल अंगावर पडली तेव्हा तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. माझ्या आधी त्याच शालीने आणखी कुणाचा तरी सत्कार झाला असावा, कारण घडी सैल होती आणि सोबतच्या नारळाची शेंडी कुणीतरी आधीच उपटलेली होती. शिक्षण खात्याच्या साहेबांनी माझ्या हातात मानपत्र दिलं आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. फ्लॅश पेटला नाही. मग मानपत्र माझ्याकडून परत घेतलं, पुन्हा दिलं, आणि साहेब पुन्हा तेवढंच हसले.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. ‘नवसाक्षरांसाठी उत्कृष्ट पुस्तक’ असं त्या बक्षिसाचं नाव. पुस्तक ‘बाटलीवर काय लिहिलंय?’, लेखक का. पुं. दोंदे, म्हणजे मी, कारभारी पुंजा दोंदे, नाशिकमधल्या एका प्राथमिक शाळेतला मास्तर. साहेब माझ्या पुस्तकावर वीस मिनिटं बोलले. अज्ञानाचा अंधार आला, ज्ञानाची मशाल आली. पुस्तकात काय आहे तेवढं मात्र आलं नाही, कारण साहेबांनी ते उघडलेलं नव्हतं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं.

टाळ्यांसाठी प्रत्येक साक्षरता वर्गाने दोन बायका आणाव्यात, असं वरून पत्र आलं होतं. माझा वर्ग सातपूरच्या एका वस्तीत चाले. तिथून मी साळूबाई आणि फुलाबाईला नेलं होतं. दोघी सिडकोच्या घरांच्या बांधकामावर घमेली वाहत, त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. साळूबाईच्या हातांना सिमेंटने भेगा पडलेल्या. तिची टाळी इतरांच्या टाळीत मिसळत नव्हती, कोरडी वेगळी ऐकू येत होती.

कार्यक्रम संपल्यावर पेढा हातात तसाच धरून ती माझ्याजवळ आली.

“गुरुजी, ते पुस्तक तुमी लिव्हलंय?”

“हो.”

“आमच्यासाठी?”

“तुमच्यासारख्यांसाठीच.”

“मंग मला एक द्या की.”

मी दिलं. वर ‘सौ. साळूबाई यांस सप्रेम’ असं लिहून, झोकात सही ठोकून दिलं. देताना मनात काय होतं ते आज लपवत नाही. पुस्तकात तिचंच नाव होतं, आणि ती स्वतःचं नाव वाचू शकते हे मला माहीत होतं. छापलेलं नाव बघून हरखेल, दोन दिवस बोट ठेवून शेजारणींना दाखवेल आणि मग ते पुस्तक फडताळात पडेल, असा माझा हिशोब होता. तिने ते वाचून काढावं असं मला वाटलंच नव्हतं. तीन वर्षं मी तिला वाचायला शिकवत होतो, आणि ती वाचेल यावर माझा विश्वास नव्हता.

मी बालसाहित्यिक आहे. हा शब्द लिहितानाही आता तोंड कडू होतं. सुरुवात केली तेव्हा असं नव्हतं. मूळचा मी देवळ्याकडचा. लहानपणी आईबरोबर कांदा साठवायच्या चाळीत सडका कांदा निवडायला जात असे. तो वास आठवडाभर बोटांना राही, भाकरीलाही लागे. एकाहत्तर साली मी पहिली गोष्ट लिहिली ती त्या वासाची, सडका कांदा निवडणाऱ्या पोराची. ती घेऊन रविवार कारंजावर नाथाशेठकडे गेलो. नाथाशेठ वह्या, गाइडं आणि मुलांची पुस्तकं छापत. त्यांनी दोन पानं वाचली आणि नाक वर केलं, जणू कांदा टेबलावरच ठेवलाय.

“दोंदे, लिहिता छान. पण मुलांना सडका कांदा कशाला? ससा घ्या. ससा सगळ्यांना चालतो.”

मी ससा घेतला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत चौतीस पुस्तकं लिहिली. आज्ञाधारक ससा, कष्टाळू खार, गर्विष्ठ मोर, शहाणा राजपुत्र. माझ्या सशाने कधी लेंडी टाकली नाही, माझ्या राजपुत्राला कधी भूक लागली नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत बोध. शाळांच्या ग्रंथालयांसाठी ती घाऊक खरेदी होत, काचेच्या कपाटात जात, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. माझ्या स्वतःच्या वर्गातल्या पोरांनाही ती वाचायला मिळत नसत. तरी बालसाहित्यिक दोंदे म्हणून मला स्नेहसंमेलनांना बोलावणी येत आणि मी कडक इस्त्रीचा झब्बा घालून जात असे.

एकोणऐंशीत प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले तेव्हा मी आपणहून नाव दिलं. ते मात्र मनापासून दिलं होतं. माझी आई कुसाबाई जन्मभर अंगठा लावत गेली. शाई पुसायला ती अंगठा भिंतीवर घासायची, आमच्या घराच्या दाराशी तेवढी भिंत निळी झाली होती. वस्तीतल्या बौद्ध विहारात संध्याकाळी वर्ग भरे. यादीत तीस बायका, प्रत्यक्षात येत बारा-चौदा. पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझं नाव लिहून वाचून दाखवलं, तर सगळ्यांनी तोंडाला पदर लावले.

“गुरुजी, हे नाव आमाला घेता यायचं नाय,” फुलाबाई म्हणाली. “आमचं कारभारी घरी भाकरीची वाट बघत्यात.”

त्या दिवशी मीही हसलो. चांगले दिवस होते ते, तेवढं मी नाकारत नाही.

अंकलिपीतली कमळं आणि बदकं मी बाजूला ठेवली. प्रत्येकीने आपला एक शब्द द्यायचा, मी तो फळ्यावर लिहायचा, आणि तिने तो आधी शिकायचा, अशी रीत मी पाडली. फुलाबाईने ‘भाकर’ दिला. एकीने ‘नवरा’ दिला, त्यावर पुन्हा हशा. साळूबाई सगळ्यांच्या शेवटी म्हणाली, “खडी.”

मी लिहिलं. दोन अक्षरांचा तो शब्द तिने पाटीवर गिरवून गिरवून पांढरा केला. मग कुणी न विचारता बोलायला लागली. खाली मान घालून, पाटीशी बोलावं तशी.

“बाहत्तरचा दुष्काळ. सिन्नरकडं आमचं गाव. दुष्काळी कामावर खडी फोडाया जायचो. पोरगी नऊ म्हयन्यांची, झोळीत. मुकादम पाजायला उठू देत नव्हता. मंग काय करायचं? अफू द्यायची. मोहरीयेवढी. समद्याच द्यायच्या, मुकादमाची बायकोच आनून द्यायची. त्या दिशी पोरगी लय रडत व्हती. अंगावर दूध ऱ्हायलं नव्हतं. म्हनून दोनदा दिली. दुपारच्याला झोळीत हात घातला तर गार लागली.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. ढीग अर्धा ऱ्हायला व्हता. तो फोडला. मंग नेली.”

फुलाबाईने साळूबाईच्या हातातली पाटी घेतली, पदराने पुसली आणि परत दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं मी पुढे एका भाषणात सांगितलं आहे. ते खोटं आहे. माझ्या मनात आलं, ही गोष्ट आहे. मेलेलं जनावर कावळ्याला लांबून दिसतं तशी मला ती दिसली.

पुढच्या वर्षी नवसाक्षरांसाठी पुस्तकं मागवल्याची जाहिरात आली. नाथाशेठ म्हणाले, लिहा. मी लिहिलं, आणि जसं ऐकलं होतं तसंच लिहिलं. त्यांनी वाचलं आणि तेच नाक पुन्हा वर केलं.

“अफू नको. सरकारी खरेदीत अफू कशी चालेल? आणि हा मुकादम काढा, तो सरकारी कामावरचा माणूस. दोंदे, यात बोध कुठाय? वाचता येत नव्हतं म्हणून नुकसान झालं, हे यायला पाहिजे.”

मी घरी आलो आणि अफूच्या जागी बाटली ठेवली. साळूबाई नावाची अडाणी बाई. कोनाड्यात दोन बाटल्या, एक खोकल्याच्या औषधाची, एक पिकावर फवारायच्या औषधाची. तिला वाचता येत नाही. चुकीच्या बाटलीतला घोट ती पोरीला पाजते. पोरगी जाते. साळूबाई रडते, मग वर्गाला जाते, आणि शेवटच्या पानावर बाटलीवरची अक्षरं वाचून दाखवते. मुकादम गेला. खडी गेली. दुष्काळ गेला. माझ्या चौतीस पुस्तकांतला राजपुत्र तेवढा यायचा राहिला.

कारागिरीत मात्र मी कसूर केली नाही. टाइप मोठा, एका ओळीत पाचच शब्द, पहिल्या वीस पानांत एकही जोडाक्षर नाही. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. प्रत्येक वाक्य मी दहादा मोडून पुन्हा बांधलं. वाचायला नुकतीच शिकलेली बाई कुठेही न अडखळता शेवटपर्यंत जावी असं ते पुस्तक होतं. साळूबाई हे नावही म्हणूनच ठेवलं. सोपं, ऐटदार, बाईला शोभणारं.

प्रुफं माझ्या बायकोने वाचली. सुमनबाई सातवी शिकलेली, फार बोलणारी नाही.

“ही तुमच्या वर्गातली ना?” ती म्हणाली. “नाव तरी बदलायचं.”

“तिला कुठे वाचता येतंय,” मी म्हणालो.

सुमनने प्रुफं खाली ठेवली आणि भात बघायला उठून गेली. पुढे कधी तिने माझं लिखाण वाचायला मागितलं नाही.

तर असं ते पुस्तक मी सही करून साळूबाईच्या हातात दिलं होतं. त्यानंतर ती वर्गाला यायची बंद झाली. एक आठवडा, दोन आठवडे. मी फुलाबाईला विचारलं.

“कामावर येती. घरी आली की पुस्तक घिऊन बसती. कुनाशी बोलत नाय.”

मला आनंद झाला. खरोखर झाला. मी त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं, ‘एका महिलेस वाचनाची विशेष गोडी लागली आहे.’ त्या कागदाची प्रत अजून माझ्याकडे आहे. फाडावीशी वाटते, पण मुद्दाम ठेवली आहे.

दीड महिन्याने ती आली. पुस्तकाला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर घातलं होतं. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होतो. ती तिच्या नेहमीच्या जागी बसली नाही, पुढे आली, उभी राहिली आणि पुस्तक उघडलं.

“गुरुजी, वाचून दाखवू?”

“वाचा की,” मी कौतुकाने म्हणालो आणि इतर बायकांना हाताने गप्प केलं.

ती वाचायला लागली. एकेका अक्षरावर बोट, मग शब्द, मग पुन्हा मागे जाऊन अख्खं वाक्य. “साळू-बाई. साळूबाई अडाणी होती. तिला वाचता येत नसे. घरात एक कोनाडा होता. तिथे एक बाटली होती. शेजारी आणखी एक बाटली होती.” कुठेही अडली नाही. माझे पाचच शब्दांचे तुकडे, माझी बिनजोडाक्षरांची वाक्यं तिच्या तोंडून एकामागून एक येत होती. पहिल्या पानाला मी खडू हातात धरून उभा होतो. चौथ्या पानाला तो खिशात टाकला. पोरगी मरते त्या पानाशी ती थांबली नाही, आवाजही बदलला नाही. शेवटची चौकट, तिच्यातला बोधसुद्धा तिने वाचला. मग पुस्तक मिटलं.

“बाटली नव्हती, गुरुजी,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोललो. गोष्टीत थोडं बदलावं लागतं, असं काहीतरी.

“आमच्या घरात बाटली कुठनं येनार? झोपडी व्हती. कोनाडाबी नव्हता.”

“साळूबाई, ती तुम्ही नाही. ती गोष्टीतली बाई आहे.”

“मंग नाव माझं कशाला?”

याचं उत्तर मला माहीत होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

“मी येडी नव्हते, गुरुजी,” ती तशाच सपाट आवाजात म्हणाली. “काय देते ते मला ठावं व्हतं. ठावं असून देत व्हते. मला वाचता आलं असतं, तरीबी दिली असती. मुकादम काय माझं वाचन ऐकून पाजायला सोडनार व्हता?”

“आमीबी देत व्हतो,” मागून फुलाबाई म्हणाली. “आमची वाचली, हिची गेली. इतकंच.”

“तुमच्या पुस्तकात मुकादम कुठं गेला?” साळूबाईने विचारलं. “मी पुन्हा पुन्हा बघितलं. म्हनलं, मला वाचाया येत नसंल, कुठंतरी आसंल. नायच.”

दीड महिना ती मुकादमाला शोधत होती. मला भिंतीवरच्या तसबिरींकडे बघवेना. आमच्या माणसांबद्दल शेकडो वर्षं दुसऱ्यांनी लिहिलं. अडाणी लिहिलं, घाणेरडे लिहिलं, त्यांची चूक त्यांच्याच पदरात घातली. ते वाचून मी तरुणपणी पेटून उठत असे. आणि लेखणी माझ्या हाताला लागली तेव्हा मी एका आईच्या हातात बाटली दिली.

“हे किती ठिकानी गेलंय?” तिने विचारलं.

“तीनशे प्रती. जिल्ह्यातल्या वर्गांत.”

“तिथनं माझं नाव काढा. बाकी तुमची गोष्ट तुमाला ठिवा.”

एवढं बोलून ती गेली. फुलाबाई तिच्यामागे गेली, मग एकेक करून सगळ्याच उठल्या. मी विहाराला कुलूप लावलं आणि किल्ली ठेवायला खिशात हात घातला तर खिशात खडूचा चुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी नाथाशेठकडे गेलो.

“नाव बदलायचं ना?” ते म्हणाले. “त्यात काय एवढं. पुढच्या आवृत्तीत कुसाबाई टाकू. तेही सोपंय.”

कुसाबाई हे माझ्या आईचं नाव आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मला दुकानातल्या शाईचा आणि डिंकाचा वास एकाएकी असह्य झाला.

“आणि गेलेल्या प्रती?” मी विचारलं.

“त्या कोण वाचतंय, दोंदे?”

खात्यातले साहेब म्हणाले, बक्षीसपात्र मजकुरात बदल करता येणार नाही, तशी तरतूद नाही. मी म्हणालो, साहेब, तुम्ही पुस्तक वाचलंय का? ते म्हणाले, अहवाल वाचलाय.

मग मी एक निळ्या शाईचं पेन घेतलं आणि वर्गांची यादी घेतली. दर रविवारी एसटीने निघायचं, वर्ग गाठायचा, पुस्तक मागायचं आणि साळूबाई दिसेल तिथे खोडायचं. अठ्ठेचाळीस पानांत एकसष्ट वेळा. नुसती रेघ मारून भागत नसे, खालचं नाव दिसे. गिचमिड करावी लागे. सिन्नर तालुक्यापासून सुरुवात केली, कारण तिचं गाव तिकडचं.

पहिल्या गावी वर्ग नव्हताच. वर्गाच्या खोलीत शेळ्या बांधलेल्या, आणि हजेरीपटावर तीस बायकांची महिन्याभराची हजेरी एकाच हाताने, एकाच शाईने भरलेली. माझं पुस्तक सुतळी न सोडलेल्या गठ्ठ्यात होतं. दुसरीकडे गठ्ठ्याला वाळवी लागलेली, हातात घेतलं तर मधला सगळा भाग भुगा होऊन पायावर पडला. तिसरीकडे मास्तर म्हणाले, पुस्तकं आहेत की, आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडे घेऊन गेले. तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर मी माझं वाक्य वाचलं, ‘साळूबाईने बाटली उचलली.’ मी ते कागद मागून घेतले. भजीवाला बघत राहिला.

महिन्यामागून महिने मी हेच बघत होतो. बंद गठ्ठे, खोट्या हजेऱ्या, उंदराच्या लेंड्या. माझ्या सशाने अकरा वर्षांत टाकल्या नव्हत्या तेवढ्या. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटे, की माझी घाण कुणापर्यंत पोचलीच नाही. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची शिसारी येई. सबंध जिल्ह्यात जे पुस्तक कुणी वाचलं नव्हतं ते एकाच बाईने अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

एकाच ठिकाणी, देवळ्याजवळ, वर्ग खरा निघाला. शिकवणारा सहादू निकम नावाचा तरुण शेतकरी, आणि दहा-बारा बायका कांदा निवडून थेट आलेल्या. खोलीत शिरताच तो लहानपणचा वास नाकात गेला. पुस्तकाची पानं दुमडलेली, मळकी, खूप हाताळलेली. मी खोडत असताना एक म्हातारी जवळ येऊन बसली आणि अहिराणीत बोलायला लागली.

“गुरुजी, हाई बाई खरी शे का?”

“का हो?”

“आशी कशी माय?” ती म्हणाली. “वाचता नही ये, ते तिले वास बी नही ये का? फवाराना औषधना वास आख्खा गावले येस.”

बाकीच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, येडी व्हई. पुन्हा हसल्या. माझ्या हातातलं पेन थांबलं. साळूबाईला हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“खोटी आहे,” मी म्हणालो. “लेखकाने खोटं लिहिलंय.”

“मंग त्या लेखकले सांगा ना.”

“सांगतो,” मी म्हणालो. तो मीच, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. नाव खोडून, पाणी न पिता उठलो.

दीड-पावणेदोन वर्षांत तीनशेपैकी दोनशे बारा प्रती खोडल्या. उरलेल्या वाळवीने, भजीवाल्यांनी आणि पावसाने निकालात काढल्या असाव्यात. मध्यंतरी वर्गांची योजना संपली. माझ्या वर्गाच्या तीसही बायका साक्षर झाल्याचं पत्र आलं, त्यात ज्या कधी आल्याच नाहीत त्याही होत्या. नाथाशेठने सशाचं नवं पुस्तक मागितलं. मी नाही म्हणालो. तेव्हापासून लिहिलं नाही, ते आज हे लिहितोय.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मी साळूबाईच्या घरी गेलो. पत्र्याची खोली, शेणाने सारवलेली. ती तांदूळ निवडत होती. दीड वर्षात आम्ही रस्त्यात दोनदा समोरासमोर आलो होतो आणि दोन्ही वेळा तिने मान तुकवली होती, तेवढंच. मला बघून तिने सूप बाजूला केलं आणि पोतं अंथरलं.

मी सगळं सांगितलं. किती प्रती खोडल्या, किती मिळाल्या नाहीत. देवळ्याच्या बायका हसल्या तेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. तेवढं तरी लपवायचं नव्हतं. तिने ऐकून घेतलं.

“आता तुमची एक प्रत राहिली,” मी म्हणालो आणि पेन काढलं.

तिने ट्रंकेतून पुस्तक काढलं. तेच सिमेंटच्या गोणीचं कव्हर. मी हात पुढे केला. तिने पुस्तक दिलं नाही, उलट माझ्या हातातलं पेन घेतलं. मला वाटलं, स्वतःच खोडणार. तिने मधलं एकही पान उघडलं नाही. शेवटचं पान काढलं, चौकटीतल्या बोधाच्या समोरचं, कोरं. मांडीवर पुस्तक ठेवून वाकली.

“गुरुजी, ‘ठ’ असाच काढत्यात ना?”

तिने हवेत बोट गोल फिरवलं. मी मान हलवली.

तिने लिहिलं, ‘ठकू’. खालचा उकार काढताना निब रुतली आणि शाई थोडी पसरली. मग त्याच्याखाली, थांबत थांबत, ‘नऊ महिने’.

अठ्ठेचाळीस पानं मी त्या पोरीच्या मरणावर लिहिली होती. त्यात ती ‘साळूबाईची मुलगी’ होती. तिचं नाव काय होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. वर्गात नाही, लिहिताना नाही, दोनशे बारा प्रती खोडत हिंडतानाही नाही. साळूबाईने ते तेव्हाही सांगितलं असतं.

ती शाईवर फुंकर घालत बसली. क्षमा हा शब्द तोंडाशी आला होता, पण त्यातलं जोडाक्षरच आधी डोळ्यांपुढे आलं आणि स्वतःचीच किळस आली.

बाहेर फुलाबाईचा आवाज आला. “साळू, नळ आला गं.”

शाई वाळल्याची तिने बोटाने खात्री केली, पुस्तक मिटलं, लुगड्याच्या घडीखाली ट्रंकेत ठेवलं आणि कडी घातली. पेनाला टोपण लावून पेन माझ्या हातात दिलं. मग हंडा कमरेवर घेऊन ती नळावर गेली.